मंगळवारचं डुक्कर, शनिवारचा हत्ती

कोल्हापूरच्या गुजरीत एक मामा होते. आजूबाजूला सोन्याच्या झगमगत्या पेढ्या, आणि यांच्या दुकानात एक गादी, एक काटा, एक भिंग आणि जुने चांदीचे रुपये. कंपनीचे, राणी छाप, राजा छाप. हाताखाली सख्खा भाचा शिकत होता. पोरगं हुशार, तोंडाचं गोड. फक्त मामांना धंदा वाढवून दाखवायची त्याला फार घाई.

एका मंगळवारी मामा परगावी गेले होते. कोडोलीची एक आजी दुकानाची पायरी चढली आणि पदराच्या गाठीतून एक रुपया काढून तिनं गादीवर ठेवला.

“बाळा, ह्येचं काय येतंय बघ. नातवाची फी भरायची हाय.”

भाच्यानं भिंग लावलं. पंचम जॉर्जचा, १९११ चा रुपया. या सालाची गोष्टच वेगळी आहे. राजाच्या झग्यावर, छातीपाशी, एक चिमुकला हत्ती कोरलेला असतो. त्या वर्षी कोरणाऱ्यानं सोंड इतकी आखूड केली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात नाराजी पसरली आणि सरकारला रुपया मागं घ्यावा लागला. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी सातेक लाखच बाजारात गेले होते, बाकीचे वितळवले. १९१२ पासून हत्तीला हत्तीसारखी सोंड आली. म्हणून हा एकाच सालाचा रुपया हौशी मंडळी जादा पैसे मोजून घेतात, आणि घेताना आधी त्या हत्तीवर भिंग धरतात.

हे सगळं भाच्याला पाठ होतं. तो म्हणाला, “आजी, पार घासलाय की ओ. मोडीचा भाव येईल.”

आजीनं मोडीचे पैसे घेतले, कनवटीला लावले आणि एस.टी. गाठली.

शनिवारी मामांनी वही उघडली. खरेदीच्या पानावर भाच्याच्या अक्षरात होतं : ‘१९११, राजा छाप, फार घासलेला, हत्ती ओळखू येत नाही.’ विक्रीच्या डब्यात त्याच रुपयाचं पाकीट होतं. त्यावर, त्याच अक्षरात : ‘१९११, दुर्मीळ, हत्ती ठळक, जवळजवळ कोरा.’

मामांनी वही आणि पाकीट शेजारी शेजारी ठेवलं. “मंगळवारी ह्यात डुक्करसुद्धा दिसत नव्हतं. शनिवारी हत्ती कुठनं आला रं?”

भाचा हसला. “मामा, धंदाच आहे. घेताना जरा खाली बोलायचं, देताना जरा वर. सगळेच करतात.”

मामांनी रुपया काट्यात टाकला. “किती?”

“अकरा ग्रॅम बावन्न.”

“मंगळवारी किती होता?”

“तेवढाच.”

कोरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. जुन्या काळी सराफ वजनाच्या जागी रुपयाच टाकायचे. हा रुपया शंभर वर्षं हातोहात फिरून थोडा झिजला होता, एवढंच काटा सांगत होता.

“आपण घेतोय का विकतोय, हे काट्याला कळत नाही,” मामा म्हणाले. “त्याच्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का असतो. तुझ्या डोळ्यावर कोण शिक्का मारणार? तो तुझा तूच मारायचा. घेताना एक डोळा आणि देताना दुसरा, असा सराफ लवकर आंधळा होतो.”

(ही खोड काही गुजरीचीच नाही. अमेरिकेत चांदीच्या जुन्या डॉलरांवरून हीच ओढाताण चाले. विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थानं १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी गुणांची पट्टी केली. पुढं तीच डॉलरांना लावली गेली. पण पट्टी धरणारा हात घेणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचाच! अखेर १९८६ च्या सुमारास तिथं तिऱ्हाईत कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासतात, गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात. मामांकडं असला तिऱ्हाईत नव्हता.)

“आता असं कर,” मामा म्हणाले, “हा रुपया कुणाचाच नाही असं समज, आणि बघ.”

भाच्यानं पुन्हा भिंग धरलं. मुकुटावरचे मणी एकमेकांत मिसळले होते. कानावरचे केस गुळगुळीत. हत्तीची पाठ आणि पाय दिसत होते, डोकं झिजलं होतं. कडेचे दाते शाबूत. गळ्यात घालायला कडी जोडली असती तर डाग राहिला असता, तो नव्हता. पण उजेडात तिरका धरल्यावर मोकळ्या जागेत बारीक रेघा दिसल्या. दर लक्ष्मीपूजनाला कुणीतरी हौसेनं राखेनं घासला असणार. म्हणजे मोडीचाही नाही आणि कोराही नाही. मधला.

भाच्यानं तिसऱ्यांदा लिहिलं : ‘१९११, मध्यम झीज, हत्ती अर्धा स्पष्ट, घासून साफ केलेला.’ रविवारी आलेल्या गिऱ्हाइकानं ते वाचलं, भिंग लावलं, आणि घासाघीस न करता रुपया घेतला. भाच्यानं मनात धरली होती त्याच्या निम्मीच किंमत आली. ती हातात असतानाच मामांनी खरेदीच्या पानावरचं आजीचं नाव-गाव एका चिठ्ठीवर उतरवून त्याच्या पुढ्यात सरकवलं. “आपला रास्त नफा ठेव. उरलेले कुणाचे, ते तुला ठाऊक आहे.”

सोमवारी भाचा कोडोलीला गेला. आजीनं नोटा दोनदा मोजल्या.

“मग तवाच का न्हाई दिलंस?”

“तेव्हा नीट बघितलं नव्हतं, आजी.”

“आता बगतोस न्हवं?” म्हणत तिनं ट्रंकेतून आणखी एक रुपया काढला. सहाव्या जॉर्जचा, १९४४ चा, चकचकीत, अक्षरन् अक्षर ठसठशीत.

भाच्यानं तो उजेडात फिरवून बघितला. “आजी, हा दिसायला त्याच्यापेक्षा चांगला आहे. पण लढाईच्या वर्षांतला. १९४० पासून सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. आणि हे घरोघरी सापडतात. त्याच्या मानानं फार कमी येतील.”

“बरं,” आजी म्हणाली, “मग कमीच दे.”