उसवलेली शिवण

बंगळुरूच्या चिकपेटमधल्या एका भावसार शिंप्याने तुमकूर रस्त्याने नेलमंगलाहून परतताना आरशात न बघता गाडी डावीकडे घेतली. मागून येणारा डिलिव्हरीचा पोरगा स्कूटरसकट आडवा झाला. गुडघ्याखाली हाड मोडलं. 108ची गाडी येईपर्यंत शिंपी त्याच्याजवळ बसून राहिला. अपघात 24 तासांत पोलिसांना कळवावा लागतो. तो त्याच रात्री ठाण्यात गेला आणि चूक आपली होती, असं सांगून आला. विमा कंपनीलाही कळवलं.

तिसऱ्या दिवशी त्याची मान आखडली. असा मार पुष्कळदा उशिरानेच बोलतो, म्हणून त्यानेही डॉक्टर गाठला. तिथून निघाला तो त्या पोराच्या इस्पितळाकडे.

शिंप्याचा मुलगा आडवा आला. "अप्पा, करायचं ते सगळं केलंत. आता कंपनी बघून घेईल. तिकडे गेलात तर उगाच अंगाशी येईल."

मुलगा वाईट नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच बोललं जातं, आणि मायेपोटीच बोललं जातं.

शिंपी म्हणाला, "2016 साली याच तुमकूर रस्त्यावर हरीश नंजप्पाला ट्रकने चिरडलं. जीव जाताना तो पोरगा माझे अवयव दान करा म्हणाला. त्याचे डोळे दिले. अपघातातल्या जखमींच्या पहिल्या 48 तासांच्या उपचारांची योजना सरकारने त्याच्या नावाने काढली. तो मरताना दुसऱ्याचा विचार करतो, आणि मी धडधाकट असून तोंड लपवू?"

जखमी पोराची आई भालकीहून आली होती. शिंप्याची मराठी ऐकून तिला रडूच कोसळलं. तो रोज डबा नेऊ लागला. आठवड्याने त्याने विचारलं, "ताई, कागद कुठे ठेवलेत?"

तिने पिशवी उपडी केली. औषधांची बिलं, दुसरं काही नाही.

"एकही बिल टाकू नका. एफआयआरची प्रत आणि जखमेचा दाखला मागून घ्या. आणि हे ठेवा." त्याने आपल्या गाडीच्या विम्याची, आरसीची आणि लायसन्सची झेरॉक्स पुढे केली. "सहा महिन्यांच्या आत स्मॉल कॉजेस कोर्टात भरपाईचा दावा लावा. माझ्यावर."

"तुमच्यावर? दादा, तुम्ही तर आम्हाला जेवू घालता."

"माझ्यावर आणि कंपनीवर. विमा त्यासाठीच भरलाय. पण दावाच लावला नाही, तर पायाचे पैसे तुम्हाला कोण देणार? डब्याने पाय भरून येत नाही, ताई."

त्या झेरॉक्स मुलानेच काढून आणल्या होत्या.

प्लास्टरवरून पँट चढेना, तेव्हा शिंप्याने एका पायाची बाजूची शिवण मांडीपर्यंत उसवून तिथे बटणपट्टी लावून दिली. तीच पँट घालून पोरगा दावा दाखल करायला कोर्टाची पायरी चढला. एका बाजूला कुबडी, दुसऱ्या बाजूला ज्याच्यावर दावा लावायचा तो शिंपी.

पुढे एके दिवशी पोरगा स्वतःच्या पायांनी चिकपेटात आला आणि घडी केलेली पँट टेबलावर ठेवली.

"मामा, आता शिवण घालून द्या."

शिंप्याने चष्मा लावला आणि बटणं एकेक करून काढायला घेतली.