चेहऱ्याची डागडुजी

आपला चेहरा आपल्या मालकीचा असतो, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो. आता तशी खात्री देता येत नाही. जी वस्तू मालकाला दिवसातून दोन मिनिटं, तीही आरशात उलटी, बघायला मिळते आणि उरलेला दिवसभर दुसरेच लोक बघत बसतात, तिचे आपण मालक की नुसते राखणदार? एरवी मी असल्या प्रश्नावर डोकं शिणवलं नसतं. पण एके दिवशी सकाळी पोहे पुढ्यात ठेवता ठेवता आमची ही म्हणाली, "मी फेसलिफ्ट करून घ्यायचं ठरवलंय."

मी आधी पोहे संपवले. चाळीस वर्षांच्या संसारात मी एक गोष्ट शिकलो आहे. धक्का कितीही मोठा असो, पोहे गार होऊ देऊ नयेत. मग मी हसलो. तिथे चुकलं.

"या वयात?" मी म्हणालो.

"त्या वयात गरज नव्हती," ही म्हणाली.

आता हिचं वय त्रेसष्ट. तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेली बाई. आयुष्यात पावडरपलीकडे गेली नाही. फेसलिफ्ट हा शब्द आमच्या घरात यायचा तो एखाद्या नटीच्या नावाला जोडून, आणि तोही नाक मुरडून. ते नाक मुरडणारी हीच. तेव्हा हे खूळ आलं कुठून, याचा मी तपास केला. ते बंगलोरहून आलं होतं. तिथे आमची सहा वर्षांची नात राहते. दर रविवारी फोनवर चेहरे दिसतात, आणि आजीचा चेहरा दिसल्याबरोबर नातीचं पहिलं वाक्य ठरलेलं : "आजी, तू रागावलीस?"

"नाही गं राणी," आजी म्हणायची.

"मग अशी का बघतेस?"

गोष्ट खरी होती. हिचे गाल जबड्याशी ओघळले होते, ओठांची टोकं खाली उतरली होती. शाळेत असताना या चेहऱ्याचा फायदाच झाला. न बोलता वर्ग गप्प व्हायचा. पण निवृत्तीनंतर तो चेहरा शाळेत परत करता येत नाही.

मी लगेच तत्त्वाची बाजू घेतली. तत्त्वाची बाजू मला फार चांगली घेता येते, विशेषतः दुसऱ्याच्या बाबतीत. मी म्हणालो, म्हातारपण हे सत्य आहे, सुरकुती हा आयुष्याचा जमाखर्च आहे, आणि तो खोडणं म्हणजे खोटेपणा.

हिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. वरून खाली नाही, वरच्या वरच. माझे केस काळे आहेत. ते दर तिसऱ्या रविवारी होतात. विचारणाऱ्याला मी गेली वीस वर्षं सांगत आलो आहे की आमच्या आईकडच्या घराण्यात केस पिकतच नाहीत. वरच्या दातांपैकी सहा दात मी विकत घेतलेले आहेत. डाव्या डोळ्यातलं भिंग मोतीबिंदूच्या वेळी बसवलेलं आहे. थोडक्यात, गळ्याच्या वरचा निम्मा ऐवज माझ्या आईवडिलांनी दिलेला नाही, आणि तो मिरवीत मी सत्यावर बोलत होतो.

"ते वेगळं," मी म्हणालो. "गेलेलं परत आणणं वेगळं." आणि इतिहास काढला. पुणेकर माणूस अडचणीत आला की इतिहास काढतो. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून आला. वर्षभर बिननाकाने वावरल्यावर आमच्या या पुण्याजवळच्याच एका विटा करणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ साली ही हकिगत चित्रासकट छापून आली. ती वाचून विलायतेतल्या कार्प्यू नावाच्या डॉक्टरने १८१४ साली तसंच नाक करून पाहिलं. "त्याचं नाक दुसऱ्याने कापलं होतं," मी म्हणालो. "म्हणून ते बसवून घेणं योग्य."

"आणि माझे गाल काय मी ओढले?" ही म्हणाली.

मी गप्प. मग ती जे बोलली त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. "तुम्ही म्हणता, मी चेहरा बदलला तर तो खोटं बोलेल. अहो, तो आत्ताच खोटं बोलतोय. मी रागावलेली नसते, तो सांगतो रागावलेय. मी दमलेली नसते, तो सांगतो दमलेय. दुकानातला मुलगासुद्धा म्हणतो, काकू, बसा जरा. मी काय तरुण व्हायला निघालेय? मला फक्त मी आहे तेवढीच दिसायचंय."

शिवाय तिने हेही विचारलं की गेल्या वर्षी सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने इमारतीला नवं प्लास्टर आणि रंग कोणी लावून घेतला, आणि तेव्हा इमारतीचं वय कोणी कोणापासून लपवलं होतं.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. माझी सारी आशा त्यांच्यावर होती. डॉक्टर म्हणतील, आजीबाई, घरी जा. पण ते तसलं काही बोलले नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "का करायचंय?" आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. नवऱ्याने किंवा मुलाबाळांनी सांगितलं म्हणून येणाऱ्या बाईला ते परत पाठवतात, असं नंतर कळलं. हिने नातीचं सांगितलं. मग डॉक्टरांनी हिला आरशापुढे बसवलं, कानाजवळची कातडी दोन बोटांनी हलकेच मागे घेतली आणि प्रामाणिकपणे काय होईल, काय होणार नाही ते सांगितलं. जबड्याची कड आणि गळा चांगला सुधारेल. ओठांची टोकं थोडीच वर येतील. कपाळ आणि पापण्या यांचा या ऑपरेशनशी संबंध नाही. "लोक तुम्हाला तरुण म्हणणार नाहीत," ते म्हणाले. "फार तर म्हणतील, गावाला जाऊन आलात वाटतं." आणि घड्याळ मागे गेलं तरी थांबत नाही. काही वर्षांनी कातडी पुन्हा तिच्या मार्गाने जाणारच.

पूर्वी म्हणे नुसती कातडीच ओढून शिवत. त्यामुळे चेहरा तबल्यासारखा ताणलेला दिसे आणि लवकरच पुन्हा सैल पडे. कातडीखाली स्नायूंना धरून एक पातळ थर असतो. त्याचं नीट वर्णन दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९७६ साली केलं, आणि तेव्हापासून ओढायचं ते त्या थराला, कातडी वर नुसती बसवायची आणि उरलेली कापून टाकायची, अशी पद्धत रुळली. मला यातलं अवाक्षर कळलं नाही. हिला ताबडतोब कळलं. "म्हणजे ताण अस्तरावर घ्यायचा, कापडावर नाही," ही म्हणाली. "नाहीतर शिवण फिसकटते." डॉक्टरांनी खुर्चीतून पुढे वाकून हिच्याकडे जो आदराने पाहिलं, तसं माझ्याकडे कोणी सोसायटीच्या वार्षिक सभेतही पाहिलेलं नाही.

वातावरण हलकं करावं म्हणून मी विचारलं, "आणि आमच्यासारख्यांचं?" पुरुषांना ऑपरेशननंतर आत रक्त साकळण्याचा धोका बायकांपेक्षा जास्त असतो, डॉक्टर म्हणाले. शिवाय दाढीची कातडी मागे सरकते, तेव्हा काहींना कानामागे दाढी करावी लागते. मी माझा कान चाचपला आणि विषय सोडला.

मग धोके. रक्त साकळलं तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत साकळतं आणि पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं, म्हणून रक्तदाब ताब्यात हवा. ॲस्पिरिन आधीच बंद. विडीकाडी ओढणाऱ्याची कातडी कानामागे मरू शकते. चेहरा हलवणाऱ्या नसेला इजा होऊ शकते. बहुतेक ती तात्पुरती असते, क्वचित कायमची. हे 'क्वचित' ऐकल्यावर मी सुरकुत्यांच्या बाजूने आणखी दोन तत्त्वं मांडली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. धडधाकट माणसाला आपल्या पायाने चालत भूल घ्यायला नेणं हे आजारी माणसाला नेण्यापेक्षा कठीण असतं. आजाऱ्याच्या वेळी काही बरंवाईट झालं तर दैवाला बोल लावता येतो. इथे दैवाचा काही संबंध नव्हता. पण नवऱ्याने 'मला भीती वाटते' म्हणायची आमच्या पिढीत पद्धत नाही. म्हणून मी 'सत्य' म्हणत होतो.

हिने स्वतःची मुदतठेव मोडली. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. चार तास मी इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर बसून एकच वर्तमानपत्र वाचलं. त्यातलं आज काही आठवत नाही. मग डोक्याला लंगोटासारखी पट्टी, पट्टीतून साकळणारं रक्त काढून घ्यायला दोन बारीक नळ्या आणि मध्ये एक सुजलेला लाल चेहरा, असं काहीतरी बाहेर आलं. मी ओळखलं ते तिने हाताची दोन बोटं हलवून "जेवलात का?" असं विचारलं म्हणून.

घरी आल्यावर पाठीशी तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचं, वाकायचं नाही, चावायचं कमी, बोलायचं कमी आणि हसायचं तर नाहीच. "त्याची काळजी नको," ही डॉक्टरांना म्हणाली. "मी यांचं लिखाण वाचते."

तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त. गालाखाली जांभळा रंग, मग तो हिरवट झाला, पिवळा झाला आणि हळूहळू मानेवर उतरला. मी न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टांगला आणि चार दिवस चाचपून दाढी केली. तरी चौथ्या रात्री तिने स्टीलच्या ताटात चेहरा पाहिलाच. "काय करून बसले हो मी," एवढं म्हणाली आणि रडायला लागली. रडतानाही चेहरा हलवायचा नव्हता, म्हणून नुसतं पाणी गळत होतं. अशी एक खिन्नता येते, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. 'मी तुला सांगत होतो' हे वाक्य माझ्या तोंडाशी तयार होतं. चाळीस वर्षांत इतकी स्वच्छ संधी मला कधी मिळाली नव्हती. मी बर्फाचा रुमाल बदलला आणि उजेड कमी केला.

तिकडे शेजार जागा झाला होता. समोरच्या वहिनींना मी सांगितलं, अक्कलदाढ काढलीय. तळमजल्यावरच्या नानांना सांगितलं, गालगुंड. दूधवाल्याला मधमाशी. प्रत्येक ठिकाणी सुचेल तसं. पण दूधवाला, नाना आणि वहिनी यांची रोज सकाळी गेटापाशी गाठ पडते, हे सेक्रेटरी असूनही माझ्या ध्यानात राहिलं नाही. सहाव्या दिवशी वहिनी सूप घेऊन आल्या. मी दार अर्धवट उघडून चौथा आजार शोधतोय, तोच मागून ही आली. डोक्याला पट्टी, मान पिवळी.

"या वहिनी. मी फेसलिफ्ट केलंय," ही म्हणाली. "गाल ओघळले होते, ते वर घेतले."

कोणी 'घर झाडलं' म्हणावं तितक्या सरळपणे. वहिनी दोन क्षण सूप धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कलदाढ, गालगुंड आणि मधमाशी, तिन्ही त्या नजरेत होती. त्यांनी मला सूप दिलं आणि हिला म्हणाल्या, "दुखतं का हो?" संध्याकाळी त्या पुन्हा आल्या, या वेळी सूप नव्हतं. आतल्या खोलीत तासभर बसून त्यांनी कानामागचा टाका पाहिला आणि खर्च विचारला.

टाके आठदहा दिवसांत निघाले. तीन आठवड्यांत ही भाजी आणायला जाऊ लागली. कानाची पाळी मात्र बधिर राहिली ती राहिलीच. एकदा एका कानातली कुडी पडली ते तिला कळलंच नाही, आणि मोरीपासून माळ्यापर्यंत घर शोधलं तेव्हा ती माझ्या चपलेत सापडली. चेहऱ्याचं म्हणाल, तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच झालं. जबड्याची कड परत आली. ओठ जरासे वर आले. त्रेसष्ट वर्षांची बाई त्रेसष्ट वर्षांचीच दिसते, पण झोप झालेली. अडचण मला. पूर्वी ही रागावणार असली की चेहऱ्यावर पाच मिनिटं आधी ढग दिसत आणि मी पिशवी घेऊन बाहेर सटके. आता प्रसन्न चेहऱ्याने एकदम वीज पडते.

दीड महिन्यानंतरच्या रविवारी हिने स्वतः नातीला फोन लावला. मी मुद्दाम बाजूला बसलो. नात पडद्यावर आली, आजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, माझा दात पडला!" पुढची वीस मिनिटं दात, दाताची डबी, दातासाठी खणलेला खड्डा. चेहऱ्याबद्दल एक अक्षर नाही. फोन ठेवल्यावर ही बराच वेळ तशीच बसली.

"विचारलं नाही तिने," ही म्हणाली.

"नाही विचारलं," मी म्हणालो. चेहऱ्यामुळे विचारलं नाही की दातामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. तिला माझं हे मनातलं कळलं असावं, कारण ती उठून आत गेली.

गेल्या आठवड्यात जिन्यात वहिनी भेटल्या. आम्ही दोघं उतरत होतो. वहिनी हल्ली आमच्या घरात काय काय होतं ते जरा नीट विचारतात. माझ्या डोक्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे केस अजून इतके काळे कसे हो?"

मी तोंड उघडलं, आईकडच्या घराण्यापर्यंत आलो आणि हिच्याकडे पाहिलं. पूर्वी त्या चेहऱ्यावर मला काहीतरी वाचता आलं असतं. आता तो नुसता ताजातवाना होता.

"मेंदी लावतो थोडी," मी म्हणालो.

मेंदीने केस काळे होत नाहीत, हे वहिनींना माहीत आहे.