मागितल्याशिवाय न वाहणारी वीज

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आणि पवनार येथे अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे काही जवळ न ठेवणे, हे व्रत प्रत्यक्ष आचरले गेले, आणि लॅपटॉपच्या चार्जिंगमधील मर्यादेचा विचारही अशा व्रतांच्या परिभाषेत करणे अप्रस्तुत ठरत नाही.

जास्त वॅटचा चार्जर लॅपटॉप जाळतो, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु टाइप-सी व्यवस्थेत जोडणी ओळखली जाईपर्यंत चार्जर मुख्य तारेत वीज सोडतच नाही, ओळख पटल्यावर प्रथम केवळ ५ व्होल्ट देतो, आणि पुढे ‘पॉवर डिलिव्हरी’ या नियमसंहितेनुसार आपल्याला काय देता येईल ते तो जाहीर करतो, त्यातून लॅपटॉप आपली गरज मागतो व चार्जरने ती मान्य केल्यावरच दाब वाढतो. १०० वॅटच्या चार्जरला जोडलेला ६५ वॅटचा लॅपटॉप म्हणूनच आपल्यापुरतेच घेतो. गरज नसताना घेणे हीदेखील चोरी, असे गांधीजींनी अस्तेयाचे विवरण केले. त्या कसोटीवर देणाऱ्याची विपुलता दोषास्पद ठरत नाही, घेणाऱ्याची मागणीच तपासावी लागते. अर्थात यंत्राला मोह नसतो, आणि जे मोडण्याची शक्यताच नाही त्याला व्रत म्हणता येत नाही. येथील संयम यंत्राचा नसून नियम ठरवणाऱ्या माणसांचा आहे.

खरा प्रश्न केबलचा आहे. साधी केबल ३ अँपिअर वाहते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट; ५ अँपिअरसाठी केबलमध्ये स्वतःची क्षमता सांगणारी चिप असावी लागते, आणि तिच्या आधारे १०० वॅट, तर २०२१च्या सुधारणेनंतर ४८ व्होल्टला २४० वॅटपर्यंत वीज देता येते. चिपने खोटे सांगितले, तर देणारा आणि घेणारा दोघेही मर्यादेत असूनही मधली तार तापते. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून लिहिलेल्या व्रतविषयक पत्रांत गांधीजींनी सत्याला पहिले स्थान दिले व अस्तेय आणि अपरिग्रह नंतर घेतले. त्या क्रमाची अपरिहार्यता येथे तांत्रिक पातळीवरही पटते. वाचकांनी केबल घेताना तिच्यावरील ६० किंवा २४० वॅटचे प्रमाणित चिन्ह अवश्य पाहावे.