कोठीच्या खोलीतला आल्तार



काही वर्षांपूर्वी एका नव्या घराला आशीर्वाद द्यायला गेलो होतो. हॉलमध्ये टीव्हीच्या वरच्या बाजूला सुंदर आल्तार होता. सागवानी लाकूड, मागे काच, रंगीत दिव्यांची माळ, प्लास्टिकची फुले. मी तोंडभर कौतुक केले, पवित्र पाणी शिंपडले, चहा घेतला आणि निघालो.

वर्षभराने त्याच घरातील आजारी आजींना कम्युनियन द्यायला गेलो. आजी स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत बसल्या होत्या. तांदळाच्या डब्यांशेजारी एक स्टूल, समोर भिंतीवर माहेरून आणलेला लाकडी क्रूस, त्यामागे झावळ्यांच्या रविवारची वाळलेली झावळी आणि हातात जपमाळ.

“आजी, बाहेर एवढा छान आल्तार असताना इथे?” मी विचारले.

“फादर, तिथे माझा हात पोचत नाही. आणि टीव्ही बंद करा म्हणून रोज कोणाला सांगू?”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला जास्त लागले. त्या घराला आशीर्वाद देताना इथे प्रार्थना कोण करते आणि ती व्यक्ती कुठे बसते, हे मी विचारलेच नव्हते.

आतल्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोला, असे प्रभू येशूने शिकवले (मत्तय ६:६). मूळ ग्रीक शुभवर्तमानात त्या खोलीसाठी ‘तामेइओन’ हा शब्द आहे. कोठार, सामानसुमान ठेवण्याची खोली, असाही त्याचा अर्थ होतो. म्हणजे प्रार्थनेसाठी प्रभूने शोभिवंत दालन मागितलेच नाही. आजी ग्रीक शिकल्या नव्हत्या, पण त्या नेमक्या जागी जाऊन बसल्या होत्या.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २६९१) घरातल्या प्रार्थनेच्या कोपऱ्याचा उल्लेख आहे. तिथे पवित्र शास्त्र आणि पवित्र प्रतिमा असाव्यात, एवढेच त्यात सुचवले आहे. ‘कोपरा’ हा शब्द लक्षात घ्या. वन रूम किचनमध्येही कोपरा असतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) अभ्यासला. माणसाला स्वतःच्या खोलीत स्वस्थ बसता येत नाही, यात त्याला माणसाच्या दुःखाचे मूळ दिसले. हा विचार मी परीक्षेत चांगला मांडला होता. स्वस्थ बसणे मात्र अजून शिकतोच आहे. माझ्या खोलीतही क्रूसासमोर कागदांचा ढीग साचतो आणि त्यावर मोबाईल वाजत असतो.

म्हणून या आठवड्यात आपण सर्वांनी घरातला आल्तार नव्याने पाहावा. नवे काही विकत घेऊ नका. आधी तिथले काढा: विजेची बिले, किल्ल्या, औषधाच्या बाटल्या, चार्जर, धूळ बसलेली फुले. एक क्रूस, पवित्र मारियेची एक प्रतिमा आणि एक उघडे बायबल पुरे. प्रार्थनेच्या वेळी एक मेणबत्ती पेटवा आणि उठताना आठवणीने विझवा. आल्तार उंचावर असेल, तर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाचा आणि सर्वांत लहान मुलाचा हात पोचेल इतका खाली आणा. समोर बसायला स्टूल किंवा चटई ठेवा. रोझरीच्या वेळी टीव्ही बंद आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. सुरुवातीला दहा मिनिटे शांत बसलात तरी चालेल. मन भटकले म्हणून उठू नका. पित्याला आपले भटकणेही दिसते आणि परत येणेही दिसते.

त्या आजी आता देवाघरी गेल्या आहेत. अंत्यविधीनंतर त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कोठीतले स्टूल होते तिथेच होते. मी पाहतो आहे हे बघून त्यांची शाळकरी नात हळूच म्हणाली, “फादर, तिथे आता मी बसते.”

आपल्यामागे आपल्या घरात प्रार्थनेला बसायची जागा कोणाला सापडेल? आज घरी गेल्यावर, जेवायला बसण्यापूर्वी, एवढे एकदा पाहा.

प्रभू आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू