घोड्याचा विश्वास व धन्याचे ऋण

मुक्या जनावरास माया असते काय, असे कोणी शेतकऱ्यास विचारले तर तो हसेल. ज्याच्या दारी बैल किंवा शेळी बांधलेली आहे त्यास ह्याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. परंतु त्याच मनुष्यास पुढे असे विचारावे की, जनावराने तुझ्यावर विश्वास टाकला म्हणून तुझ्यावर काही ऋण चढते काय, तर तो थोडा थांबेल. ह्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आज आम्ही वाचकांसह करू इच्छितो, आणि त्यासाठी घोड्याचे उदाहरण घेतो.

घोड्याचेच का, तर त्याचा नामांकित बाजार आपल्याच खानदेशात भरतो. भुसावळाजवळून वाहणारी तापी पश्चिमेस जाता जाता नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात सारंगखेडा गावास लागते. मार्गशीर्षात दत्तजयंतीस तेथे यात्रा असते, व तीत राजस्थान, गुजरात, पंजाब अशा दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात. भुसावळाहून सुरतेच्या गाडीने दोंडाईचास उतरावे व पुढे सडकेने जावे. गिऱ्हाईक घोड्याचा रंग पाहते, उंची पाहते, चाल पाहते, अंगावरील भोवरे तपासते, दात पाहून वय ठरवते. आणि एकेका घोड्याची किंमत लाखांवर जाते. मात्र एक गोष्ट त्या बाजारात कोणी मोजीत नाही. ती म्हणजे, त्या घोड्याने आजवर ज्याच्या हातचा चारा खाल्ला त्या मनुष्यावर ठेवलेला त्याचा विश्वास.

हा विश्वास ओळखावा कसा? कुत्रा शेपूट हालवून आपले मन उघडे करतो. घोड्याची रीत तशी नाही. तो मूळचा माळरानावरचा, वाघ-लांडग्यांच्या भयाने सदा सावध राहणारा प्राणी होय. त्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळे त्यास बहुतेक सर्व दिशांचे दिसते. परंतु कपाळाच्या अगदी पुढचे आणि पुठ्ठ्याच्या अगदी मागचे दिसत नाही. अशा न दिसणाऱ्या जागी तुम्ही उभे असता तो शांत राहिला, तर त्याने तुम्हांस मोठा मान दिला असे समजावे. तो उभ्याने डुलकी घेतो. पण गाढ झोपेसाठी त्यास आडवे व्हावे लागते, आणि जेथे भय वाटते तेथे तो सहसा आडवा होत नाही. धनी येताच मान खाली सोडणे, कान त्याच्याकडे वळवणे, हलक्या आवाजात घुमल्यासारखे खिंकाळणे, आपण होऊन जवळ येऊन उभे राहणे, ही त्याची प्रीतीची भाषा होय. दोन घोडे एकमेकांची मान दातांनी खाजवतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. जेथे आयाळ संपते त्या जागी खाजवले असता घोड्याच्या काळजाचे ठोके मंद होतात, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. खरारा करणाऱ्या मोतद्दारास ही गोष्ट हाताने ठाऊक होती. विद्वानांनी ती मोजून दाखवली.

उलटपक्षी, गप्प उभा राहिलेला प्रत्येक घोडा विश्वासाने उभा आहे असे समजू नये. मार खाऊन खचलेला घोडाही गप्पच उभा राहतो. त्याचे कान मागे चिकटलेले असतात, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, जबडा आवळलेला असतो, शेपूट दबलेली असते. आज्ञा तोही पाळतो. म्हणून धन्याने आज्ञापालन पाहून संतुष्ट होऊ नये. ते भयाने होते की भरवशाने होते, हे पाहावे. घरातील लेकरांविषयीही हाच नियम लावून पाहावा.

घोडा आपणांस किती ओळखतो, ह्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जर्मनीतील बर्लिन शहरी फॉन ओस्टेन नावाच्या एका शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा होता. त्यास हिशेब घातला असता तो टापा वाजवून बरोबर उत्तर देई, आणि घोड्यास गणित येते असे मोठमोठे लोक म्हणू लागले. १९०७ साली फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने उलगडा केला. विचारणारास उत्तर ठाऊक नसले की घोड्यासही ते येत नसे. बरोबर आकडा येताच विचारणाराचे डोके नकळत किंचित हाले, आणि तेवढे पाहून हान्स टाप थांबवी. गणित त्यास येत नव्हते. मनुष्य मात्र त्यास वाचता येत होता. पुढे २०१६ साली इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी असे दाखवले की, रागीट चेहऱ्याचे नुसते चित्र पाहूनही घोड्याच्या काळजाचे ठोके वाढतात. तेव्हा आपण घरचा राग घेऊन ठाणावर गेलो, तर तो घोड्यापासून लपतो असे कोणी मानू नये.

येथे कोणी म्हणेल, "ही सारी तोबऱ्याची प्रीती, चंदी बंद करा, म्हणजे माया किती ते कळेल." ह्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. घोड्याच्या अंतःकरणात काय चालते हे मनुष्यास पुरते कळणे नाही, आणि आपल्या मनातील गोड कल्पना त्याच्या तोंडी घालणे बरे नव्हे. परंतु अन्नापासून आरंभ झाला म्हणून माया खोटी ठरत नाही. लेकरूही आधी दूध देणारीस ओळखते, आणि मग आई म्हणून हाक मारते. शिवाय आमचा मुद्दा घोड्याच्या प्रीतीचे मोजमाप करण्याचा नाहीच. त्याने आपले न दिसणारे अंग आमच्या हाती सोपवले, एवढे निश्चित आहे. आणि ऋण चढावयास तेवढे पुरे आहे. मनुष्यामनुष्यांत करार होतो तेव्हा कागद असतो, साक्षीदार असतात, दाद मागावयास कचेरी असते. घोड्यास ह्यांपैकी काहीच नाही. बलामाच्या गाढवीस एकदाच वाचा फुटली, आणि तिने आपल्या आजवरच्या चाकरीचीच आठवण धन्यास दिली. इतर जनावरांस ती वाचा मिळत नाही. म्हणून त्यांचा हिशेब धन्यानेच आपल्याशी ठेवावा लागतो.

मग बाजारात घोडा विकणे हा विश्वासघात होय काय? आम्ही तसे म्हणत नाही. सावकाराचा तगादा, घरातील दुखणे, चाऱ्याचा दुष्काळ ज्याने पाहिला नाही, त्याने गरिबास असा उपदेश करणे सोपे आहे. जो चारा घालू शकत नाही त्याने जनावर उपाशी ठेवण्यापेक्षा चांगल्या हाती देणे हाच धर्म होय. परंतु विकले म्हणजे ऋण फिटले असे नाही. वय लपवू नये, खोड लपवू नये, खोडकर घोडा औषध चारून गरीब भासवू नये. कारण फसलेल्या गिऱ्हाईकाचा राग शेवटी त्या मुक्या पाठीवरच निघतो. चार पैसे कमी आले तरी घेणाराचा हात कसा आहे हे पाहावे. आणि दोरी देताना, हा कशास बुजतो, कोणत्या हाकेस येतो, कोठे खाजवलेले त्यास आवडते, हेही सांगावे. घेणारानेही हे जाणावे की दोरीबरोबर घोड्याचे शरीर मिळते. विश्वास नव्याने, दिवसानुदिवस मिळवावा लागतो.

सर्वांत मोठी कसोटी म्हातारपणी लागते. घोडा २५ ते ३० वर्षे जगतो, पण टांग्याच्या किंवा वरातीच्या कामास तो त्याहून पुष्कळ आधी निरुपयोगी होतो. तेव्हा त्यास सडकेवर सोडून देणारे धनी आहेत. जनावरास उपासमारीच्या स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी ते लाजिरवाणेच ठरते. सोडलेला घोडा पुष्कळदा जुन्या दारी परत येऊन उभा राहतो, कारण भाकरीचा हात त्यास तोच ठाऊक असतो.

आमच्या वाचकांपैकी घोडा बाळगणारे थोडे असतील. परंतु ज्याच्या घरी बैल आहे, शेळी आहे, त्यास हे सर्व लागू आहे. आणि ज्यास अक्षर येत नाही असा शेजारी जेव्हा आपला कागद वाचावयास आणून देतो आणि आपण दाखवू तेथे अंगठा उमटवतो, तेव्हा तोही आपले न दिसणारे अंग आपल्या हाती देत असतो. त्या वेळी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यास वाचून दाखवावा, आणि मगच शाई पुढे करावी.