‘या’ म्हणणारा कोण?



आजच्या शुभवर्तमानात येशू जकातनाक्यावरच्या मत्तयाला हाक मारतो आणि जकातदार व पापी लोकांच्या पंक्तीला जाऊन बसतो. परुशी नाके मुरडतात. येशूला लोक खादाड नि दारूबाज म्हणत, ते अशाच पंक्तींमुळे.

आपल्या स्टेशनबाहेरचा परमिट रूम सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी सातनंतर तेथे खुर्ची मिळत नाही. बसलेल्यांत आपलेही लोक असतात. आपण तोंड फिरवून रिक्षा पकडतो. मीही तेच करीत असे.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या युवकांबरोबर आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथे जाण्याचा योग आला. सह्याद्रीच्या कड्यावरचे महादेव कोळ्यांचे गाव. घाट उतरला की खाली मुरबाड तालुका. रेल्वे तर त्या गावापासून फार दूर. एक वृद्ध गृहस्थ अंगणात हिरडा वाळत घालीत होते. म्हणाले, “फादर, हा विकला की एसटीला दोन तास असायचे. बसायचं कुठं? स्टँडाजवळच्या बारात पंखा होता. तिथला पोरगा ‘या बाबा’ म्हणायचा. दुसरं कोण म्हणतंय?” आता हिरडा विकायला त्यांची सून जाते. पैसे घरी पोचतात. हे सांगताना ते हसले, सून हसली नाही.

मला डब्लिनचा मॅट टॅलबट आठवला. बाराव्या वर्षी कामाला लागला आणि तेव्हापासूनच पिऊ लागला. 1884 साली एका शनिवारी तो गुत्त्याबाहेर उभा होता. आठवडाभर काम नव्हते, खिसा रिकामा. ज्यांना त्याने अनेकदा पाजली होती, ते सोबती पगार घेऊन आत गेले. कोणी ‘ये’ म्हटले नाही. तो घरी गेला आणि त्याच दिवशी दारू सोडण्याची शपथ घेतली. आधी तीन महिन्यांची, पुढे जन्माची. पण शपथ घेतल्यावर संध्याकाळ घालवायची कुठे? तो चर्चमध्ये जाऊन बसू लागला. 7 जून 1925 रोजी मिस्साला जाताना रस्त्यातच त्याला मरण आले. 1975 साली ख्रिस्तसभेने त्याला ‘पूज्य’ घोषित केले.

त्याच्यासाठी चर्चचे दार उघडे होते, हे मला महत्त्वाचे वाटते. आपले दार साडेसातला बंद होते. (चोरीच्या भीतीने, कारण खोटे नाही.) स्टेशनवर उतरणारा माणूस आठला येतो.

म्हणून येत्या शनिवारपासून आपले सभागृह सात ते साडेनऊ उघडे राहील. चहा मिळेल, कॅरम आहे. पंखे दोन, त्यांपैकी एक दुरुस्तीला गेला आहे. प्रवचन होणार नाही. ज्यांना दारूविषयी बोलायचे असेल त्यांच्यासाठी मागची खोली आहे. घरच्या भगिनींनीही यावे, सोसतात त्या जास्त. दाराशी उभे राहून ‘या’ म्हणायला दोन माणसे हवी आहेत. नावे मिस्सानंतर माझ्याकडे द्यावीत.

आपला,
धर्मगुरू