उघड्यावरचा चकवा

९ जुलै १९४६. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर बेसबॉलचा ऑल-स्टार सामना सुरू होण्याआधी फलंदाज टेड विल्यम्सने रिप सूएलला विचारलं, तो चेंडू मलाही टाकणार का? सूएल हो म्हणाला.

तो चेंडू म्हणजे 'इफस'. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, सूएल तो सुमारे २५ फूट उंच उडवायचा आणि तो सावकाश फलंदाजापुढे उतरायचा. डिसेंबर १९४१ मध्ये शिकारीला गेला असता त्याच्या पायांना बंदुकीच्या छऱ्यांनी जखमा झाल्या. फेकीची जुनी लकब सुटली आणि त्यानंतर हा चेंडू घडला. वेगाला सरावलेला फलंदाज चेंडू पोचायच्या आतच बॅट फिरवून मोकळा व्हायचा.

ही फसवणूक म्हणायची का? चेंडू तर सगळ्या मैदानाला दिसत असतो.

बेसबॉलचे नियम इथे बारकाईने भेद करतात. चेंडूला थुंकी लावण्यावर १९२० साली बंदी आली. बेसवर धावपटू असताना पिचरने फेकीचा आविर्भाव करून चेंडू हातातच ठेवला, तर तो 'बॉक' ठरतो आणि धावपटूंना एकेक बेस बहाल होतो. इफसला मोकळीक आहे, कारण पिचर जे करताना दिसतो तेच करतो.

खोटेपणाबाबत कमालीचा कठोर असलेला तत्त्वज्ञ कांट नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत सामान बांधणाऱ्या माणसाचं उदाहरण देतो. बघणाऱ्यांनी प्रवासाचा तर्क केला, तरी तो माणूस खोटं बोलला असं होत नाही. मनातलं सांगायचं त्याने कबूलच केलेलं नसतं. हे पुरेसं पटत नाही. लोकांचा गैरसमज व्हावा म्हणूनच सामान बांधलं असेल, तर जीभ तेवढी स्वच्छ राहिली, हेतू नाही. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्सने 'द ग्रासहॉपर' या १९७८च्या पुस्तकात केलेली खेळाची व्याख्या जास्त उपयोगी पडते: अनावश्यक अडथळे स्वखुशीने पार करण्याचा प्रयत्न. फलंदाज चकण्याची शक्यता पत्करूनच उभा राहतो. बाजारातल्या गिऱ्हाइकाने असं काही पत्करलेलं नसतं. म्हणून तिथे तीच हुशारी अन्याय ठरते.

विल्यम्सने तर होकारही ऐकला होता. तरी पहिला इफस फाऊल गेला. नंतरच्या एका इफसवर त्याने पुढे धावत होमरन ठोकला, तीन धावा मिळाल्या. छायाचित्रांत तो फलंदाजाच्या चौकटीपुढे गेलेला दिसतो, आणि पुढे त्याने ते मान्यही केलं. नियमाने तो बाद होता. चकवणाऱ्याने मात्र एकही नियम मोडला नव्हता. पंचांनी हरकत घेतली नाही आणि विल्यम्सच्या अमेरिकन लीगने सामना १२-० असा जिंकला.